माथ्यावरच्या वाऱ्याचा वेगही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की डोंगरभटकंतीचे लेख येतात आणि शेजारी किमान तापमानाची चौकट असते. त्या चौकटीत वाऱ्याचा वेग मात्र नसतो. मित्रमैत्रिणींना घेऊन हिवाळ्यात डोंगरावर निघणाऱ्याला आधी हवा असतो तो नेमका हा आकडा, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शून्य अंश तापमान असेल आणि वारा पडलेला असेल, तर चढताना कानटोपीसुद्धा नकोशी होते. त्याच शून्य अंशात ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या कातडीला उणे ७ असल्यासारखे वाटते. उणे १० अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर ते उणे २० होते. अंगाभोवती आपण तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो, शरीर नवा थर तापवते, तोही जातो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये ते प्रसिद्ध केले. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या तापमानाचे हे सगळे गणित तिथून सुरू झाले. अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये ते माणसाच्या चेहऱ्यावरून उष्णता कशी जाते हे धरून नव्याने बसवले.

पायथ्याचा अंदाज माथ्याला लागू पडत नाही. हजार मीटर चढलो की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि खिंडीत वारा चिंचोळ्या जागेतून घुसतो तेव्हा आणखी जोर धरतो. शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ३० च्या वाऱ्यात माणूस वाकून चालतो. ६० च्या वाऱ्यात पाय उचलला की तो भलतीकडेच पडतो, आणि डोंगराच्या अरुंद धारेवर असताना ते जिवावर बेतू शकते.

या आकड्यांइतकीच मला काळजी वाटते ती मित्रांच्या घोळक्याची. एकटा माणूस गारठला की मुकाट्याने मागे फिरतो. घोळक्यात कुणालाच पहिला ‘परत जाऊ’ म्हणायचे नसते. एका हिवाळ्यात धारेवरून जाताना आमच्यातला सगळ्यात बडबड्या गडी गप्प झाला. दमला असेल, असे बाकीच्यांना वाटले. मग एका खडकाआड थांबलो, तेव्हा तो सॅकचा बक्कल उघडायला बघत होता. अंगठा बक्कलवर होता, पण दाबला जात नव्हता. तो पुन:पुन्हा तेच करत राहिला आणि ‘मदत करू का’ विचारल्यावर चिडला. अंगात हुडहुडी होती, बोलणे किंचित अडखळत होते. आम्ही त्याचा घामाने ओला झालेला सुती शर्ट काढला, कोरडे कपडे आणि कानटोपी घातली, त्याला मध्ये घेऊन बसलो, गरम गोड पाणी पाजले आणि तो सावरल्यावर सरळ उतरू लागलो. माथा तिथून नजरेच्या टप्प्यात होता. त्यावर कुणी एक शब्द काढला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की ही लक्षणे दिसू लागतात. बोटे ऐकत नाहीत, पाय अडखळतात, स्वभाव बदलतो. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काही झाले आहे, हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. ते सोबत्यांनीच ओळखायचे असते. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असे समजू नये. पुढे अंग आणखी गार पडले की शरीर कापायचेही सोडून देते. अशा वेळी दारू पाजणे तर घातकच, कारण तिने कातडीकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. पांढरी, बधिर पडलेली बोटे चोळणेही चूक. कातडीला इजा होते.

कपड्यांबद्दल पुष्कळ छापून येते, तेव्हा एकच सांगते. विंडचीटर धारेवर पोहोचल्यावर नाही, शेवटच्या आडोशाला असतानाच चढवावा. उघड्यावर वाऱ्यात सॅक उघडली, की हातमोजे उडतात आणि मोज्यांतून काढलेल्या हातांची बोटे दोन मिनिटांत आखडतात.

प्रत्येक ग्रुपने निघण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरायचे. आणि कुणीही एकाने ‘पुरे’ म्हटले की सगळ्यांनी फिरायचे, कारण विचारायचे नाही. ‘थोडेच राहिले आहे’ हे वाक्य लीडरने त्यानंतर उच्चारू नये. ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजते त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालावे, त्याला शेवटी एकटा सोडू नये.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की हिवाळी भटकंतीच्या लेखांसोबत किमान तापमानाशेजारी माथ्यावरच्या वाऱ्याचा अपेक्षित वेग आणि त्यामुळे जाणवणारे तापमान छापावे, आणि साहित्याच्या यादीच्या वर मागे फिरण्याची वेळ लिहायला एक कोरी ओळ ठेवावी.

आपली,
एक नियमित वाचक