विषय : परसातल्या पूलचा माझा अर्ज मागे घेणे आणि सोसायटीच्या कॉमन पूलला पाठिंबा (काही अटींसह)

प्रति,
मा. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळे कमिटी मेंबर्स,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मीटिंगमध्ये पूलचा विषय निघाला तेव्हा उशीर झाला होता आणि आवाजही चढले होते, त्यामुळे मी गप्प बसले, पण घरी आल्यावर राहवेना म्हणून हे लिहून देतेय. पत्र जरा लांबलंय, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, परसात स्वतःचा पूल करायला एनओसी मागणारे जे ९ अर्ज तुमच्याकडे आलेत त्यातला एक माझाच आहे. आठ बाय चार मीटरचा पूल, प्लॅन काढून झाला होता, टाईल्सचा रंगसुद्धा ठरला होता. त्यामुळे ज्यांना घरचा पूल हवाय त्यांचं मन मला पक्कं कळतं. सकाळी उठून गाऊनवरच मागचं दार उघडायचं आणि पाण्यात उतरायचं, कुणाची नजर नाही, टायमिंग नाही, रांग नाही, हे सुख मोठं आहे, खासकरून आम्हा बायकांसाठी, आणि त्याला कुणी चैन म्हणून हिणवू नये असं मला अजूनही वाटतं. माझं तर मुख्य कारण आई होती. तिचे गुडघे गेलेत, जमिनीवर दहा पावलं चालली की थांबते. फिजिओथेरपिस्टने तिला एकदा पाण्यात उतरवलं होतं, छातीइतक्या पाण्यात शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच पायांवर येतो म्हणे, आणि खरंच पहिल्या पाच मिनिटांत तिने माझा दंड सोडला, मग काठाचा पाईप सोडला, आणि पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी चालत गेली. परत वळून माझ्याकडे बघताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मला शब्दांत सांगता येत नाही. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला.

मग माझं मत का बदललं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही नात्यातल्या एका घरी गेलो होतो, त्यांच्या परसात असाच पूल आहे, छान बांधलेला, भोवती कुंपण, गेट आपोआप बंद होणारं, सगळं व्यवस्थित. पण त्या दिवशी खुर्च्या आतबाहेर न्यायच्या होत्या म्हणून कुणीतरी ते गेट सुतळीने खांबाला बांधून ठेवलं होतं. आम्ही आठ मोठी माणसं होतो, सगळी पूलपासून दहा-बारा पावलांवर, आणि माझी साडेतीन वर्षांची भाची आत्ताच इथे होती असं प्रत्येकाला वाटत होतं. मी सहज मान वळवली तर पाण्यात तिचे केस दिसले. ती उभी होती, म्हणजे पाण्यात उभी, डोकं मागे, तोंड पाण्याच्या बरोबर लेव्हलला, हात दोन्ही बाजूला पाणी खाली दाबल्यासारखे हलत होते आणि आवाज अजिबात नाही. ओरडणं नाही, पाणी उडणं नाही, काहीच नाही. मी कपड्यांसकट उडी मारली आणि तिला बाहेर काढलं, ती खोकली, रडली, डॉक्टरांनी तपासून रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं, देवाच्या दयेने ती ठणठणीत आहे. पण बुडणारं माणूस हात हलवून हाका मारतं ही आपली समजूत किती चुकीची आहे ते मी तेव्हा पाहिलं. ज्याचा श्वास अडकलाय त्याला ओरडायला हवाच उरत नाही. आणि घरातल्या आठ माणसांपैकी लक्ष ठेवायचं काम नेमकं कुणाचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ते कुणाचंच नव्हतं.

त्यानंतर मी खूप वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात अंदाजे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. हे सगळे काही स्विमिंग पूलमधले नाहीत, नद्या, तळी, विहिरी सगळं त्यात आलं, पण लहान मूल आणि उघडं पाणी जवळजवळ असलं की काय होतं ते त्यात आहेच. फ्रान्सने तर २००३ मध्ये कायदाच केला की जमिनीत बांधलेल्या खाजगी पूलला कुंपण, अलार्म, सेफ्टी कव्हर किंवा शेड यातलं एक तरी पाहिजेच. चारही बाजूंनी फक्त पूललाच वेढणारं, किमान १.२ मीटर उंच, मुलाला चढता न येणारं आणि आपोआप लॉक होणाऱ्या गेटचं कुंपण हा सगळ्यात खात्रीचा उपाय मानतात, घराची भिंत हीच चौथी बाजू असेल आणि दार थेट पूलवर उघडत असेल तर त्याचा अर्धा उपयोग जातो. आता आपल्या रो हाऊसच्या परसाचं माप घ्या आणि सांगा, आठ बाय चारचा पूल, चारही बाजूंनी कुंपण आणि माणूस चालायला जागा, हे सगळं बसतंय का? माझ्या प्लॅनमध्ये बसत नव्हतं. किचनचं दार सरळ पूलवर उघडत होतं आणि मी तो प्लॅन आनंदाने मंजूर केला होता.

९ पूल म्हणजे ९ ठिकाणी लक्ष ठेवायला हवं आणि ९ पैकी एकाही ठिकाणी त्यासाठी नेमलेला माणूस नाही. एक पूल म्हणजे एक कुंपण, एक गेट आणि ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो असा एक लाइफगार्ड. मला सगळ्यात जास्त हेच पटलं, बाकीचे मुद्दे नंतरचे.

पाण्याचा हिशोबही करून बघितला. आठ बाय चार मीटर आणि सरासरी १.४ मीटर खोली धरली तर एका घरच्या पूलमध्ये साधारण ४५ हजार लिटर पाणी लागतं, ९ घरांचं मिळून ४ लाख लिटर. कमिटीने जो १८ बाय ८ मीटरचा कॉमन पूल सुचवलाय तो सरासरी १.२ मीटर खोलीचा धरला तर पावणेदोन लाख लिटरच्या आत भरतो आणि त्यात ६२ च्या ६२ घरं उतरू शकतात. आणि हे पाणी एकदा भरलं की झालं असं नसतं. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं की एक लिटर गेलं, कोरड्या उन्हाच्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर सहज उडतं, म्हणजे ९ पूलमधून रोज १४४० लिटर आणि कॉमन पूलमधून ७२०. वर फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुणं, वेगळा, त्यात दरवेळी शेकडो लिटर गटारात जातं. ज्या दिवसांत टाकीत पाणी कमी म्हणून आपण सकाळी सगळ्यांना मेसेज टाकतो त्या दिवसांत परसातले ९ पूल बघून बाकीच्या ५३ घरांना काय वाटेल याचाही विचार करावा. रात्री कव्हर टाकलं तर बाष्पीभवन बरंच कमी होतं, पण एका पूलवर कव्हर रोज टाकलं जाईल याची खात्री देता येते, नऊवर नाही.

बांधकामाचं मी थोडक्यात सांगते कारण इंजिनिअर मंडळी आपल्यात आहेत. ४५ हजार लिटर म्हणजे ४५ टन वजन, तेही शेजाऱ्याच्या पायापासून हाताच्या अंतरावर खड्डा खणून. गळती लागली तर पाणी आपल्या घरात नाही, बाजूच्या भिंतीत निघतं. आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना पूल साफ करायला रिकामा केला तर खालच्या दाबाने पूलची अख्खी टाकी उचलली जाऊ शकते, हे मला आमच्याच कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं, प्लॅन फायनल झाल्यावर.

आता देखभाल, आणि इथे मला वाटतं आपण सगळेच फसतोय. पूल म्हणजे पाणी भरून ठेवलेला खड्डा नाही, ते रोजचं काम आहे. पाण्यात क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) पाहिजे, स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं केमिकल) वापरत असलो तर किमान २, पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७.२ ते ७.८ च्या मध्ये पाहिजे, पीएच त्याच्या वर गेला की क्लोरीन असूनही काम नीट करत नाही. स्टॅबिलायझर नसेल तर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. पूलवर जो उग्र वास येतो तो स्वच्छतेचा नसतो, उलट घाम आणि लघवीबरोबर क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाईन तयार होतात त्यांचा तो वास, डोळे त्यांनीच चुरचुरतात. हे सगळं रोज तपासायचं, आपण दोन आठवडे गावाला गेलो आणि पंप बंद राहिला की पाणी हिरवं होतं, आणि डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. एका घरच्या आळसाचा ताप अख्ख्या गल्लीला. शिवाय प्रत्येकाच्या जिन्याखाली क्लोरीनचा डबा आणि ॲसिडचा कॅन शेजारी शेजारी, हे दोन्ही चुकून एकत्र आले तर विषारी वायू होतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, मला तर आता विचार करूनच कसंतरी होतं.

पण कॉमन पूल म्हणजे सगळं आपोआप चांगलं असंही मी म्हणणार नाही. जास्त माणसं म्हणजे जास्त घाण. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, जुलाब होणाऱ्या माणसाकडून पाण्यात येतो, आणि नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो आठवडाभरापेक्षा जास्त टिकतो. म्हणजे इथे केमिकल पुरत नाही, नियम लागतो आणि तो पाळावा लागतो. ज्याला जुलाब होताहेत त्याने उतरायचं नाही, या परजीवीचं निदान झालं असेल तर बरं झाल्यावरही दोन आठवडे नाही, आणि उतरण्याआधी प्रत्येकाने एक मिनिट शॉवर, अध्यक्ष साहेबांच्या नातवंडांनीसुद्धा.

म्हणून माझा पाठिंबा अटींसह आहे आणि या अटी ठरावात लिहून घ्याव्यात ही कळकळीची विनंती. बांधायला पैसे सगळे देतात, चालवायला कुणी देत नाही, आणि मग तिसऱ्या वर्षी पूलला कुलूप लागतं. तेव्हा खड्डा खणण्याआधी ऑपरेटरचा आणि लाइफगार्डचा वर्षभराचा पगार मेंटेनन्समध्ये वेगळा काढून दाखवा. लाइफगार्ड म्हणजे ट्रेनिंग घेतलेला, सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) येणारा माणूस, वॉचमनला शिट्टी देऊन बसवणं नाही. तो रजेवर असेल त्या दिवशी पूल बंद, कितीही आरडाओरडा झाला तरी. गेट कधीही, कुठल्याही कार्यक्रमाला बांधून ठेवायचं नाही, हे तर मी हात जोडून सांगते. खोली १.२ मीटरच्या आसपासच ठेवा आणि सूर मारायला सक्त मनाई. तळाशी पाणी खेचणारी जाळी एकच नको, एकमेकांपासून लांब दोन हव्यात आणि झाकणं अशी की त्यात केस किंवा हात अडकणार नाही, अमेरिकेत मुलं अशा जाळीला चिकटून गेल्यावर २००७ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, लाईनला आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज लगेच तोडणारा स्विच). क्लोरीन-पीएचचं रीडिंग रोज गेटवरच्या बोर्डावर लिहिलेलं दिसायला हवं, म्हणजे कुणालाही थांबून वाचता येईल.

आणि टायमिंग. घरचा पूल हवा असणाऱ्या बऱ्याच जणींचं खरं कारण आडोसा हे आहे, ते कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही. रोज सकाळी एक तास फक्त बायकांसाठी ठेवला, भोवती उंच झाडी लावली, तर त्या ९ अर्जांपैकी निम्मे तरी आपोआप मागे येतील असं मला दोघी-तिघींशी बोलून वाटतंय. दुपारचा एक तास सीनियर सिटिझन्ससाठी ठेवा, आणि उतरायला ती खडी शिडी नको, कठडा असलेल्या रुंद पायऱ्या करा. माझ्या आईला शिडी चढता येत नाही. पायऱ्या असतील तर ती माझ्या आधाराशिवाय उतरेल आणि तिच्यासारख्या अजून किमान सात-आठ जणी या सोसायटीत मला माहीत आहेत, ज्यांच्या घरी पूल कधीच होणार नाही.

ज्या आठ घरांचे अर्ज उरतील त्यांच्याशी भांडण नको. त्यांच्याबरोबर बसून हा हिशोब आणि टायमिंगचं सांगा, मी पण येते, माझ्या भाचीचं मी स्वतः सांगेन. तोवर एजीएमपर्यंत नवीन एनओसी कुणालाही देऊ नये एवढंच.

रो हाऊस नं. १४ चा माझा अर्ज मागे घेत असल्याचं वेगळं पत्र सोबत जोडलंय, कृपया पोच द्यावी. कॉमन पूलसाठी छोटी समिती नेमणार असाल तर त्यात माझं नाव घाला, शनिवार-रविवार मी मोकळी असते.

आपली,
रो हाऊस नं. १४