भरती-ओहोटी पाहून निघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सुट्टीत मुलांना घेऊन समुद्रावर जायचे ठरले, हे वाचून फार आनंद झाला. इतक्या गजबजलेल्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे काय उरले असेल, अशी शंका तू व्यक्त केली आहेस, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो. माझे मत असे की, गर्दीच्या पुळणीवरही समुद्र मनसोक्त पाहता येतो. फक्त निघण्याची वेळ आपल्या सोयीने न ठरवता भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठरवावी.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी जसे खूप वर चढते तसेच खूप खालीही ओसरते, आणि एरवी पाण्याखाली असणारी वाळू चालायला मोकळी होते. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी पोहोच. बहुतेक माणसे वाट जिथे किनाऱ्याला मिळते तिथेच रेंगाळतात. ओल्या वाळूवरून थोडा वेळ एकाच दिशेने चालत राहिलास की गर्दी आपोआप मागे पडते.

तिथे ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल रोवून उभा राहा आणि पावलाभोवती नीट बघ. भोवतालची वाळू क्षणात कोरडी पडल्यासारखी फिकट दिसेल. वजनाने पाणी पिळून बाहेर यावे असे आपल्याला वाटते, पण घडते ते नेमके उलटे: घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांवर चढू लागतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचे पाणी त्या जागेत ओढले जाते. पाय उचललास की कण पुन्हा बसतात आणि ठशात पाणी साचते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. मुलांना हे अवश्य दाखव. उपकरण लागत नाही आणि कितीही वेळा करून बघता येते.

किनारा उष्ण प्रदेशातला असेल, तर बारीक खेकड्यांच्या बिळांभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसण्याचा संभव आहे. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. ही सारी नक्षी पुढच्या भरतीत पुसली जाते, म्हणून तिच्यावरून धावू नका.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे ते. पाण्यात उतरण्यापूर्वी काही मिनिटे काठावर उभे राहून लाटा कुठे फुटतात ते पाहा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, तर ती जागा सुरक्षित वाटते, पण अनेकदा तिथेच सर्वाधिक धोका असतो. लाटांनी काठाशी आणलेले पाणी त्या वाटेने वेगाने समुद्रात परतत असते. हा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकत नाही. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, काठापासून दूर नेतो. त्याच्याशी झुंजून दमलेली माणसे बुडतात. म्हणून त्यात सापडल्यास अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर आधी किनाऱ्याला समांतर पोहून, ओढ कमी झाल्यावरच काठाकडे वळावे. हे मुलांना घरीच नीट समजावून सांग. जीवरक्षक असतील तर त्यांनी लावलेल्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पोहा, आणि नुसते लाल निशाण असेल तर कितीही आग्रह झाला तरी पाण्यात पाय घालू नका.

आणखी एक, मुलांनी वाळूत खोल खड्डे खणले तर लक्ष ठेव. कोरडी वाळू एकाएकी ढासळते, आणि तिच्याखाली गाडले गेलेले मूल बाहेर काढणे फार कठीण असते. निघताना खड्डे बुजवून टाका.

जाण्याची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे ते पाहून तुला लिहून पाठवतो. घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र