विद्यार्थी सिंथेटिक बायोलॉजी संघांच्या ऑनलाइन मेळाव्यासाठी साहाय्याचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे सजीवांच्या डीएनएची नव्याने रचना करण्याच्या शास्त्रात, काम करणाऱ्या विद्यार्थी संघांचा दोन दिवसांचा ऑनलाइन मेळावा येत्या जुलैअखेरच्या शनिवारी व रविवारी भरवण्याचे आमच्या समितीने ठरवले आहे. समितीतील आम्ही सारे अशा संघांचे आजी-माजी सदस्य आहोत. कोणत्याही संघाकडून प्रवेशशुल्क घ्यायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत एकमताने ठरले. त्यामुळे मेळाव्याचा भार उचलण्यासाठी माजी सदस्य, संशोधक, प्राध्यापक आणि या विषयाविषयी आस्था असणाऱ्या सर्वांपुढे हे आवाहन ठेवत आहोत. निधीची गरज आहेच, परंतु त्याहून अधिक गरज आहे ती जाणकारांच्या वेळेची. ती का, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात एका अल्पकालीन अभ्यासक्रमाच्या रूपाने जे सुरू झाले, त्याची २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली, आणि आज आयजेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या स्पर्धेत जगभरातून चारशेच्या आसपास संघ उतरतात. तिचे अंतिम संमेलन २०२० मध्ये महासाथीमुळे ऑनलाइन झाले आणि २०२२ पासून ते पॅरिसमध्ये भरते. मात्र संघ तेथे पोहोचेपर्यंत त्यांचे प्रयोग संपलेले असतात आणि आपले काम मांडणाऱ्या संकेतस्थळात बदल करण्याची मुदतही उलटून गेलेली असते. त्या टप्प्यावर मिळालेली सूचना कितीही मोलाची असली, तरी तिचा उपयोग झालाच तर पुढच्या वर्षीच्या संघाला, आणि तोही ती कोणी नीट लिहून ठेवली तर. जुलैअखेरची वेळ आम्ही निवडली ती यासाठी, की तेव्हा बहुतेक संघांच्या हाती पहिले फसलेले निकाल आलेले असतात आणि दुरुस्तीसाठी काही आठवडे अजून शिल्लक असतात.

एका उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. बायोब्रिक या प्रमाणित जोडणीच्या पद्धतीत डीएनएचे भाग जोडण्यासाठी जी मोजकी एन्झाइमे वापरली जातात, त्यांपैकी एक्सबीए-वन हे टीसीटीएजीए हा सहा अक्षरांचा क्रम ओळखून तेथे डीएनए कापते. परंतु या क्रमाच्या लगेच आधी जीए किंवा लगेच नंतर टीसी ही अक्षरे आली, की त्या सांध्यावर जीएटीसी असा क्रम तयार होतो, ई. कोलाय या जिवाणूच्या नेहमीच्या वाणांमधील डॅम मिथिलेज हे एन्झाइम त्यातील अ‍ॅडेनीनवर मिथाइल हा लहान रासायनिक गट चढवते आणि ती जागा कापली जात नाही. डीएनएचे तुकडे तपासण्याच्या जेलवर अपेक्षित पट्टे दिसत नाहीत. मग संघ एन्झाइमची नवी कुपी मागवतो, बफर बदलून पाहतो, मिश्रण रात्रभर ठेवतो आणि हाताशी असलेले आठवडे त्यातच सरतात. ज्याने हे एकदा भोगले आहे, तो क्रमावर नजर टाकून दोन मिनिटांत सांगतो, की प्लास्मिड (जिवाणूतील डीएनएचे छोटे वर्तुळ) डॅम नसलेल्या वाणात वाढवून घ्या आणि मग कापा. ही गोष्ट एन्झाइमच्या माहितीपत्रकात छापलेली असते, हे खरे. पण अडचण मिथिलीकरणाची आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो माहितीपत्रकात नेमके काय शोधणार?

मोजमापाचा प्रश्न याहून चिवट आहे. हिरव्या प्रदीप्त प्रथिनाची चमक प्लेट रीडर या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर मोजून एक संघ जो आकडा सांगतो, त्याची दुसऱ्या संघाच्या आकड्याशी तुलना होऊ शकत नाही, कारण प्रत्येक यंत्राची एकके आपापली असतात. जिवाणूंच्या संवर्धनाची घनता दाखवणाऱ्या ओडीच्या, म्हणजे प्रकाश किती अडतो याच्या, आकड्याचेही तसेच. आयजेमच्या २०१८ च्या आंतरप्रयोगशाळा अभ्यासात २४४ प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने मोजमापे घेतली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सिलिकाच्या सूक्ष्म गोलकांची टप्प्याटप्प्याने विरळ केलेली द्रावणे वापरून ओडीचे रूपांतर अंदाजे पेशीसंख्येत करण्याची शिफारस केली गेली. पद्धत सोपी आहे आणि साहित्यही फारसे लागत नाही. तरीही ती करून पाहण्याचे अनेक संघांकडून राहून जाते, कारण ती करताना शेजारी उभे राहून पाहणारा कोणी नसतो. मेळाव्याच्या पहिल्या दिवशी यावर एक प्रात्यक्षिक ठेवण्याचा आमचा विचार असून, आपल्या प्रयोगशाळेतून ते थेट करून दाखवू शकेल अशा व्यक्तीच्या आम्ही शोधात आहोत.

मेळाव्याच्या रचनेविषयीही आमचे मत स्पष्ट आहे. अशा बहुतेक ऑनलाइन मेळाव्यांत एकापाठोपाठ एक सादरीकरणे होतात, प्रत्येक संघ आपली पाळी संपली की कॅमेरा बंद करतो आणि शेवटी औपचारिक प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे उरतात. आम्ही सादरीकरणे जवळजवळ काढून टाकली आहेत. प्रत्येक संघाने आपल्या अडलेल्या कामाची एकाच पानाची टिपणी आधी पाठवावी आणि त्या टिपण्यांवरून, विषय कोणताही असो, एकाच प्रकारच्या अडचणीत सापडलेल्या संघांना एका लहान ऑनलाइन खोलीत बसवावे, अशी योजना आहे. क्लोनिंग (डीएनएचे भाग जोडून त्यांच्या प्रती काढणे), मोजमाप, गणिती प्रतिमान, समाजातील संबंधित घटकांशी संवाद आणि जैवसुरक्षा अशा खोल्या सध्या डोळ्यांसमोर आहेत. निरनिराळ्या कालविभागांतील संघांना मध्यरात्री जागावे लागू नये म्हणून प्रत्येक सत्र बारा तासांच्या अंतराने दोनदा होईल. यामुळे लागणारे मनुष्यबळ दुप्पट झाले आहे, आणि आवाहन करण्याचे तेही एक कारण आहे.

प्रत्येक खोलीत एक जाणकार मार्गदर्शक आणि एक सूत्रसंचालक असावा लागेल. मार्गदर्शकाने दोन तासांचे एक सत्र द्यावे आणि आदल्या आठवड्यात आपल्या खोलीतील टिपण्या वाचून याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. पदवी वा पद यांची अट नाही. प्रयोग हाताने केलेला पदवीचा विद्यार्थीही आम्हाला तितकाच हवा आहे. सूत्रसंचालकाला विषयाचे सखोल ज्ञान नसले तरी चालेल, मात्र जो संघ गप्प बसला आहे त्याला बोलते करता आले पाहिजे. याखेरीज ज्यांना इंग्रजी बोलणे समजायला वेळ लागतो अशा सहभागी विद्यार्थ्यांसाठी, तसेच कर्णबधिर सहभागींसाठी, मथळेलेखक (बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणारे) आणि दुभाषी लागतील. तांत्रिक शब्दांपाशी यंत्राने आपोआप दिलेले मथळे फार गोंधळ घालतात, त्यामुळे या कामाला माणूसच हवा.

जमा झालेला निधी मथळेलेखन व दुभाष्यांचे मानधन, बैठकीच्या ऑनलाइन सेवेचे शुल्क आणि ज्या विद्यार्थ्यांना इंटरनेटचा खर्च परवडत नाही त्यांचे डेटासाहाय्य, या तीनच बाबींवर आणि याच क्रमाने खर्च होईल. समितीतील कोणीही मानधन घेणार नाही. हिशेब मेळाव्यानंतर सर्व देणगीदारांना पाठवला जाईल. संस्था वा कंपन्यांच्या देणगीचा ऋणनिर्देश अवश्य केला जाईल, परंतु त्या बदल्यात उत्पादनाची जाहिरात करणारे सत्र वा सहभागींचे संपर्क दिले जाणार नाहीत. एन्झाइमे, प्लास्मिड वा अन्य जैविक साहित्य देऊ करणाऱ्यांचे आभार मानून आम्ही ते नाकारत आहोत, कारण असे साहित्य पाठवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते पाळण्याची यंत्रणा आमच्याकडे नाही.

जैवसुरक्षेच्या खोलीसाठी या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती मिळाल्याशिवाय ती खोली उघडली जाणार नाही. रोगकारक जीवांच्या तपशिलावर खुल्या सत्रात चर्चा होणार नाही. टिपण्या समिती व संबंधित खोलीपुरत्याच राहतील, आणि खोलीतील सर्वांची संमती असल्याशिवाय ध्वनिचित्रमुद्रण केले जाणार नाही. शालेय संघांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आणि शिक्षकाची उपस्थिती बंधनकारक राहील.

साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी या आवाहनासोबतचा अर्ज जून संपण्यापूर्वी भरून पाठवावा. त्यात आपण कोणते काम करू शकाल, दोहोंपैकी कोणत्या वेळी उपलब्ध असाल आणि कोणत्या भाषांतून मार्गदर्शन करू शकाल, हे नमूद करावे. ज्यांना निश्चित वेळ सांगता येत नाही, त्यांनी ‘राखीव’ या रकान्यात नाव नोंदवावे. ऐनवेळी कोणी न आल्यास त्यांना विचारणा केली जाईल.

आपली विश्वासू,
आयोजन समिती