तोंडी आदेश आणि गप्प बसणारे सहकारी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतल्या अन्यायाचा विषय निघाला की आरडाओरडा करणारा साहेब डोळ्यांसमोर येतो. माझी सगळी नोकरी लेखा विभागात, पगारपत्रके करण्यात गेली. तिथून मला दिसलेला अन्याय बहुतेक वेळा आवाज न करताच झाला. एखाद्याची वेतनवाढ कारण न सांगता थांबायची. एखादीचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहायचा आणि महिनाअखेरीस तीच रजा बिनपगारी धरली जायची. जादा कामाचे तास ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत कधीच नोंदले जायचे नाहीत. हिशेब करणारी म्हणून मला एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे यातले काहीही कागदावर नसायचे.

एकदा वरिष्ठांनी मला एका बिलावर मागची तारीख टाकायला सांगितले. आर्थिक वर्ष संपले होते आणि खर्च जुन्या वर्षात दाखवायचा होता. नाही म्हणावे तर माझ्या कामावर शेरे मारणारा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात, हो म्हणावे तर सही माझी. मी वाद घातला नाही. दोन ओळींची टिपणी लिहिली, ‘आपण सकाळी दिलेल्या तोंडी सूचनेबाबत कृपया लेखी आदेश मिळावा’, आणि फाइल त्यांच्याकडे परत पाठवली. लेखी आदेश आला नाही आणि बिल नव्या वर्षात गेले. त्यानंतर काही महिने ते माझ्याशी कामापुरतेच बोलत, त्याचा त्रासही झाला. पण लेखापरीक्षणात प्रश्न आला असता तर उत्तर मला एकटीला द्यावे लागले असते, हे मी विसरू शकत नव्हते.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना मी हेच सांगते. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी साध्या शब्दांत मेल करा, ‘आपल्या बोलण्याप्रमाणे मी हे काम असे करत आहे, काही वेगळे अपेक्षित असल्यास कळवावे.’ भाषा नम्र ठेवा, तक्रारीचा सूर नको. अर्ज दिला तर पोच घ्या, पोच मिळत नसेल तर मेलने पाठवा. अपमान झाला, काम काढून घेतले, बैठकीला बोलावले नाही, तर घरी आल्यावर स्वतःच्या वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि समोर कोण होते ते लिहा. ‘ते माझ्याशी नेहमी वाईट वागतात’ या वाक्यावर कोणतीही चौकशी पुढे सरकत नाही. तारीख आणि शब्द असतील तर सरकते. मात्र संस्थेची गोपनीय कागदपत्रे घरी नेऊ नका, नाहीतर मूळ तक्रार बाजूला पडून तुमच्यावरच आरोप ठेवला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या विभागातली एक तरुण मुलगी दर तिमाहीला ताळमेळाचा मोठा तक्ता करायची आणि विभागप्रमुख तो स्वतःच्या नावाने वर पाठवायचे. ती रडायची, पण भांडायची हिंमत नव्हती. तिने नंतर तक्ता पाठवताना ‘मी तयार केलेला तक्ता सोबत जोडला आहे, यातील आकड्यांबाबत शंका असल्यास मला विचारावे’ असे लिहून संबंधित सगळ्यांना प्रत लावायला सुरुवात केली. शंका थेट तिच्याकडे येऊ लागल्या आणि काम कोणाचे हे सगळ्यांना आपोआप कळले.

पण कागद पुरत नाही, शेजारचा माणूसही लागतो, आणि माझा खरा राग तिथे आहे. दीर्घ आजारपणानंतर कामावर परतलेल्या एका सहकारी बाईंचे टेबल जाण्या-येण्याच्या वाटेत हलवले गेले. फोन काढून घेतला. त्यांचे काम दुसऱ्याला दिले आणि त्यांना जुन्या फायलींवर क्रमांक घालायला बसवले. कोणी एक शब्द वाईट बोलले नाही. आम्ही सगळे पाहत होतो आणि अळीमिळी गुपचिळी चालली होती. जेवणाच्या सुट्टीत हळहळायचे आणि साहेब आले की मान खाली घालायची.

स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात नेमक्या याच वागणुकीचा अभ्यास केला. एकटे पाडणे, काम काढून घेणे, निरर्थक काम देणे, पाठीमागे बदनामी करणे अशा 45 प्रकारांची यादी त्याने केली. असे वागणे आठवड्यातून किमान एकदा, निदान सहा महिने चालले तर त्याला छळ म्हणावे, अशी कसोटीही लावली. स्वीडनने 1993 मध्ये या विषयावर स्वतंत्र नियम केला. आमच्या त्या सहकारी बाईंना ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे सांगणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचायला हवी होती.

शेवटी आम्ही काही जणींनी मिळून, जे पाहिले तेवढेच, तारखांसह लिहून दिले. मत नाही, दोषारोप नाही. टेबल परत मिळाले, फोनही मिळाला. माफी कोणी मागितली नाही, आणि त्या पुढे फार काळ टिकल्याही नाहीत, दुसरीकडे गेल्या. तरी जाताना त्यांच्या फाइलवर ‘काम करत नाही’ असा शेरा नव्हता, आणि नव्या नोकरीसाठी तेच महत्त्वाचे होते.

साक्ष देणाऱ्याला भीती वाटते आणि ती खोटी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019च्या 190 क्रमांकाच्या करारात याचा विचार आहे. 2021 पासून लागू झालेल्या या करारात तक्रारदाराइतकेच साक्षीदारालाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. एकदाच घडलेली घटनाही त्यात छळ ठरू शकते. शिकाऊ उमेदवार, मुलाखतीला आलेले, काढून टाकलेले, सगळे त्याच्या कक्षेत येतात आणि कामाच्या निमित्ताने मोबाइलवर आलेले संदेशही. त्याआधीच्या 1982च्या 158 क्रमांकाच्या करारानुसार मालकाविरुद्ध तक्रार केली हे नोकरीवरून काढण्याचे वैध कारण नाही. सगळ्या देशांनी हे करार स्वीकारलेले नाहीत. पण आपल्या संस्थेच्या नियमावलीत यातले काय आहे, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक कडक साहेब अन्यायी नसतो, हेही लिहिले पाहिजे. मुदत पाळा, चूक दुरुस्त करा, असे जो सगळ्यांना सारखेच सांगतो त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी पगारपत्रकावर एवढेच बघत असे, की उशिरा येणाऱ्या दोघांपैकी एकाचाच पगार कापला जातोय का?

आणखी एक पेच सहकाऱ्यांमधला आहे, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. घरी आजारी वडील असलेला एक जण रोज लवकर निघायचा आणि त्याची हजेरी पूर्ण लागायची. सगळ्यांना त्याची दया होती, मलाही होती. पण त्याचे उरलेले काम दर संध्याकाळी एकाच मुलीवर पडायचे, कारण ती नवीन होती आणि नाही म्हणू शकत नव्हती. आपल्या पदरचा वेळ देऊन केलेली मदत मला मान्य आहे. दुसऱ्याचा वेळ परस्पर देऊन टाकणे मान्य नाही. मी त्याला वरिष्ठांकडे उघडपणे वेळेची सवलत मागायला लावले. ती मिळाली आणि काम आम्हा सगळ्यांत वाटले गेले. तो काही दिवस माझ्यावर नाराज होता.

‘जमत नसेल तर नोकरी सोडा’ असा सल्ला देणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. ज्याच्या पगारावर घर चालते, त्याला राजीनामा हा उपाय सांगायचा तर दुसरी नोकरीही सुचवावी. सोडणे कधीकधी गरजेचे असतेच, विशेषतः तब्येत ढासळू लागली तर. पण सोडायची ती नव्या नोकरीचे पत्र हातात आल्यावर, आणि जुने येणे, अनुभवाचा दाखला, उरलेल्या रजेचा हिशेब हे सगळे लेखी मागून घेतल्यावर.

आपल्याकडे एक विनंती आहे. नोकरीविषयक पुरवणीत मुलाखतीला कपडे कोणते घालावेत, बायोडेटा कसा सजवावा हे नेहमी येते. त्याच पानावर एक छोटे सदर सुरू करावे. वाचकांनी नाव गुप्त ठेवून कामाच्या ठिकाणचे प्रश्न पाठवावेत आणि कामगार कायद्याच्या जाणकाराने सोप्या भाषेत उत्तर द्यावे. पहिल्या अंकात तक्रार अर्जाचा नमुना छापावा. त्यात घटनेची तारीख, उपस्थितांची नावे, मागणी आणि उत्तराची मुदत यांसाठी वेगळ्या ओळी असाव्यात. वाचकांना तो कापून ठेवता येईल.

आपली नियमित वाचक,
लेखा विभागातून निवृत्त झालेली एक कर्मचारी