त्या सेटला वॉकीटॉकी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या लष्करी वायरलेस सेटवरचा लेख वाचला. असा विषय कुणाला सुचला याचाच आनंद झाला. पण फोटोखाली ‘महायुद्धातील वॉकीटॉकी’ असं छापलंय, तो आहे १९ नंबरचा सेट. ब्रिटिशांनी रणगाड्यांसाठी केलेला. तो, त्याची वीजपेटी आणि बॅटऱ्या असं सगळं पाठीवर घेतलं असतं तर चालणंही राहिलं असतं आणि बोलणंही. अमेरिकन सैन्य वॉकीटॉकी म्हणायचं ते पाठीवरच्या एससीआर-३०० ला; बॅटरी लहान-मोठी असेल त्याप्रमाणे त्याचं वजन साधारण १५ ते १७ किलो. हातात धरायचा तो एससीआर-५३६, म्हणजे हँडीटॉकी. त्याला चालू-बंदचं बटणच नव्हतं. एरियल बाहेर ओढली की सेट चालू, आत ढकलली की बंद.

मी लष्कराच्या सिग्नल्समधला, म्हणजे संदेशवहन विभागातला, निवृत्त ऑपरेटर. भरती झालो साठच्या दशकात. महायुद्ध संपून बरीच वर्षं लोटली होती, तरी आमचा हात बसला तो याच १९ नंबरच्या सेटवर. कॅनडात बनलेल्या बऱ्याच १९ सेटच्या तोंडावर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरंही असत, कारण युद्धात ते सोव्हिएत सैन्याला पाठवले जात. आम्हा पोरांना सुरुवातीला दोन्ही सारखीच.

लेखात वजन, पल्ला, बनावटीचं साल हे सगळं आलंय. तो सेट चालवायचा कसा, एवढंच राहिलंय. जुन्या माणसांकडे नेमकं तेच आहे, आणि त्यांना ते कुणी विचारत नाही. लोक विचारतात, ‘गोळीबारात सापडला होतात का?’

नेटिंगचंच घ्या. कंट्रोल स्टेशन आपला सिग्नल सोडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर आपापले सेट जुळवायचे. नेटचा खटका दाबून डायल केसाकेसानं फिरवायची. कानात आधी बारीक शिट्टी, मग ती घोगरी होते, मग नुसती गुरगुर, आणि एका जागी सगळं शांत. तीच आपली जागा. जरा पुढे सरकलात की शिट्टी पुन्हा चढायला लागते. हे सेट तापलेला असतानाच करायचं. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या, थंड असताना नेट केलं तर सेट तापेल तशी फ्रिक्वेन्सी सरकणार, आणि तुम्ही कॉल देत बसाल भलतीकडेच. आमचे उस्ताद बोटांवर पट्टी मारत नसत. ते डायलला हलकेच धक्का देऊन निघून जात. की पुन्हा पहिल्यापासून.

वीजपेटीत एक फिरतं यंत्र असे. आम्ही त्याला रोटरी म्हणायचो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ते सेटला लागणारा विजेचा मोठा दाब तयार करी. मायकचा खटका दाबला की भार वाढून रोटरीचा सूर खाली बसायचा, सोडला की वर. किती बसला यावरून बॅटरी कुठवर आलीय ते कळायचं. बॅटरीचं ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर होता, पण रात्री झाकणं उघडून ॲसिडशी खेळणार कोण? मुरलेला ऑपरेटर अर्धवट झोपेतही तो सूर ऐकून चार्जिंगवाल्याला हाक मारायचा.

रात्रीचा दुसरा घोळ फ्रिक्वेन्सीचा. या सेटचे लांबचे संदेश आयनांबरावरून, म्हणजे खूप उंचावरच्या हवेतल्या विद्युतभारित थरांवरून, परतून यायचे. सूर्य मावळला की ते थर बदलतात, आणि दिवसभर खणखणीत चाललेली फ्रिक्वेन्सी विरून जाते. म्हणून रात्रीसाठी खालची फ्रिक्वेन्सी ठरलेली असे आणि कंट्रोलनं सांगितलं की सगळ्यांनी मिळून तिकडे जायचं. ज्याचा डोळा लागला तो जुन्या जागी खरखर ऐकत एकटा. आवाज बुडाला तरी मोर्स, म्हणजे लांब-आखूड टिपांची भाषा, पोचायचं, म्हणून ते वाजवायची खटकी मांडीला बांधलेलीच असे. कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव, बदलतं, हात बदलत नाही. अमक्याचा ‘डा’, म्हणजे लांब टीप, जास्तच लांबतो, तमका शेवटचा ‘डिट’, म्हणजे आखूड टीप, गिळतो, आणि तो कोण हे नाव न सांगता कळतं. महायुद्धात शत्रूचे संदेश चोरून ऐकणारेही याच हातांवरून कुठली तुकडी कुठे हलली त्याचा माग काढायचे.

टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या लाइनवाल्यांचा तर लेखात उल्लेखही नाही. तार कुठेतरी गाड्यांखाली तुटायची. मग लाइनमन ती मुठीतून सोडत अंधारात चालत जाणार, मध्येच टेलिफोन जोडून दोन्हीकडे हँडल फिरवणार, ज्या बाजूनं उत्तर नाही तिकडे पुढे. एकेरी तार असली तर परतीचा रस्ता जमिनीतून, त्यासाठी लोखंडी खुंटी ठोकायची. माती कोरडी असली तर खुंटीवर पाणी ओतायचं. पाणी नसलं तर जवान काय करत ते वर्तमानपत्रात छापण्यासारखं नाही, पण लाइन चालू व्हायची. पहिल्या महायुद्धात याच जमिनीतल्या प्रवाहावरून जर्मन ब्रिटिशांचं बोलणं ऐकायचे. त्यावर उपाय म्हणून कॅप्टन फुलर यांनी १९१५ मध्ये फुलरफोन हे तारेवरून मोर्स पाठवायचं यंत्र काढलं. प्रवाह इतका थोडा की तो चोरून ऐकणं जवळपास अशक्यच.

सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नहेमला छत्रीधारी सैनिक उतरवले तेव्हा ब्रिटिश सेट ‘कुचकामी’ ठरले, असं लेखक म्हणतात. मला हा शब्द खटकला. तिथे दाट झाडी, घरांची गर्दी, त्यात तुकड्या पांगलेल्या. आणि छत्रीधाऱ्यांचे सेट मुळात थोड्याच मैलांचे. त्यांच्याकडून जे मागितलं ते त्यांना झेपणारं नव्हतं. दोष योजनेचा आणि बोलणी खाल्ली ऑपरेटरनं. हे आम्हाला नवीन नाही. बोलणं झालं तर साहेबाचं कौशल्य, नाही झालं तर सिग्नलवाला झोपला होता.

आता एक विनंती, हौशी संग्राहकांना आणि संग्रहालयवाल्यांना. जुना सेट मिळाला की तो घासून नवा रंग मारतात. मी पाहिलेल्या एका सेटला असा चकचकीत हिरवा रंग दिला होता की भाजीवाल्यानं तराजूशेजारी मांडावा. असं करू नका. डायलच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा असतात, कुठे एखादा आकडा. त्या दिवसाची आणि रात्रीची फ्रिक्वेन्सी कुणीतरी टॉर्चच्या उजेडात तिथे खुणावलेली असते. रंगाखाली पहिल्यांदा तीच जाते. आणि सेट थेट विजेला जोडून बघू नका. आत साधारण ५०० व्होल्ट तयार होतात आणि इतक्या वर्षांत कपॅसिटर सडलेले असतात. आधी त्या सेटवर काम केलेलं कुणी म्हातारं माणूस सापडतं का ते पाहा, त्याला समोर खुर्ची द्या, आणि तो काय बोलतो ते रेकॉर्ड करा. बोलता बोलता त्याचा हात आपोआप डायलकडे जाईल. तेव्हा कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातावर धरा.

आपला,
एक निवृत्त सिग्नल हवालदार