कोट कुठे गळतात ते दाखवणाऱ्या ताईंस

गिरगाव, मुंबई

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्हा डीटीपी आणि छपाईवाल्यांच्या बॅच फाइली (विंडोजच्या कमांडी ओळीने लिहून ठेवलेल्या फाइली) तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिल्यात, त्याचे आभार सविस्तर लिहूनच मानायला हवेत. "पाथमध्ये स्पेस आहे, डबल कोट घाला" एवढं कुणीही सांगतं. पाथ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता; मधल्या स्पेसपाशी तो तुटू नये म्हणून त्याभोवती कोट, म्हणजे अवतरणचिन्हं, घालतात. कोट घालूनही कमांड का अडते, ते तुम्ही उलगडून दाखवलंत.

आमच्या धंद्यात फोल्डरचं नाव गिऱ्हाईक ठेवतं: "गणेशोत्सव अहवाल २०२५ फायनल", "लग्नपत्रिका नवीन". ते बदललं की आतल्या चित्रांच्या लिंक तुटू शकतात. म्हणजे स्पेस राहणारच.

तुमची सगळ्यात मोलाची गोष्ट ही: विंडोजमध्ये कमांडची ओळ अखंडच प्रोग्रामच्या हाती जाते आणि तिचे तुकडे तो स्वतः पाडतो. लिनक्समध्ये हे काम शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) आधीच उरकतं. त्यामुळे विंडोजवर तोच कोट कमांड प्रॉम्प्ट (कमांड लिहायची काळी खिडकी) एका रीतीने वाचतो, प्रोग्राम दुसऱ्या.

स्टार्ट कमांडचंच घ्या. स्टार्ट "डी:\गणेशोत्सव अहवाल\अंतिम.पीडीएफ" लिहिलं, तर पीडीएफ उघडत नाही, नुसती काळी खिडकी उघडते. स्टार्ट पहिल्या कोटमधला मजकूर खिडकीचं टायटल समजतो. म्हणून आधी रिकामे कोट द्यायचे: स्टार्ट "" "डी:\गणेशोत्सव अहवाल\अंतिम.पीडीएफ".

सीएमडी /सी (पुढची कमांड चालवून बंद होणारा कमांड प्रॉम्प्ट) ची खोड वेगळी. पुढे प्रोग्रामचा पाथ कोटमध्ये आणि फाइलचा पाथही कोटमध्ये असला, की तो ओळीतला पहिला आणि शेवटचा कोट काढून टाकतो. मग "सी:\प्रोग्राम फाइल्स" मधल्या स्पेसपाशी पाथ तुटतो आणि "सी:\प्रोग्राम" नावाची कमांड ओळखता येत नाही, अशी तक्रार येते. उपाय म्हणजे सगळ्या ओळीभोवती आणखी एक जोडी. दिसायला विचित्र, पण बरोबर.

बॅकअपची गाठ सर्वांत चिवट होती. रोबोकॉपीला (विंडोजच्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडला) "डी:\लग्नपत्रिका नवीन\" असा पाथ दिला, तर शेवटचा बॅकस्लॅश (\) पुढच्या कोटला साधं अक्षर बनवतो. कोट बंदच होत नाही आणि पुढचा बॅकअपचा पाथ त्याच नावाला चिकटतो. शेवटचा बॅकस्लॅश गाळावा, नाहीतर दोनदा लिहावा. %~डीपी० (बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ) ची किंमत तर नेहमी बॅकस्लॅशनेच संपते, तिथे तुम्ही सुचवलेला टिंब, "%~डीपी०.", अगदी नेमका बसतो.

बॅच फाइलीत "%१" (तिला दिलेला पहिला पाथ) ऐवजी "%~१" लिहायला लावलंत, तेही योग्यच. आलेल्या पाथला आधीच कोट असले तर टिल्ड (~) ते काढतो आणि आपली एकच जोडी उरते. नावात स्पेस नसली तरी & असू शकतो. "शिंदे&सन्स" कोटशिवाय दिलं, की & पाशी कमांडचे दोन तुकडे होतात.

टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्राममध्ये) मात्र उलटं. "स्टार्ट इन" च्या, म्हणजे काम कोणत्या फोल्डरमधून सुरू करायचं त्या, चौकटीत कोट घातले, तर डिरेक्टरीचं नाव चुकीचं म्हणून काम सुरूच होत नाही. तिथे स्पेस असूनही पाथ उघडाच लिहायचा. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या दुसऱ्या शेलमध्ये) कोटमधल्या पाथआधी & हवा, नाहीतर तो प्रोग्राम न चालवता पाथ तसाच छापतो. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या कमांडमधले वाकडे कोट कमांड प्रॉम्प्टला कोट वाटतच नाहीत. ते पुसून हाताने टाइप करावेत.

प्रोग्रा~१ सारखी विंडोजने बनवलेली आखूड नावं वापरू नका म्हणालात, कारण शेवटचा आकडा मशीनगणिक बदलू शकतो आणि ड्राइव्हवर ती सोय बंद असली तर तसं नावच नसतं. सर्व्हिसचा (पाठीमागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा) पाथ कोटशिवाय नोंदवण्यातला धोकाही आम्हाला तुमच्यामुळेच कळला. पाथ "सी:\प्रोग्राम फाइल्स" मधला असला, तर विंडोज आधी सी:\प्रोग्राम.ईएक्सई शोधतं. तिथे कुणी त्या नावाची फाइल ठेवू शकला, तर सर्व्हिसच्या अधिकाराने तीच चालते. आम्ही सगळ्या नोंदी कोटमध्ये घातल्या आहेत.

आणि ती दाखव.बॅट! प्रत्येक आर्ग्युमेंट (कमांडला दिलेला तुकडा) चौकोनी कंसात, वेगळ्या ओळीवर छापणारी. पाथ कुठे तुटला ते लगेच दिसतं. बॅकस्लॅशची चूक तिच्यात पकडली जात नाही, कारण बॅच फाइल बॅकस्लॅशला तो अर्थ देत नाही. हेही तुम्ही फाइलीच्या पहिल्याच ओळीत रेम (ही नुसती टीप आहे, अशी खूण) लावून लिहून ठेवलंत. ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे आणि फाइल प्रत्येक मशीनच्या डेस्कटॉपवर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गिरगावातले डीटीपी आणि छपाईवाले