फोनमधला रेडिओ गेला कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात सामुदायिक रेडिओचं एक लहानसं केंद्र आहे. अशा केंद्रांना सहसा 100 वॉटच्या वर ताकद वापरायला परवानगी नसते, त्यामुळं आवाज दहा-बारा किलोमीटरच जातो. एसटीनं खिंड ओलांडली की नुसती खरखर. माझं शिलाईचं दुकान मात्र हद्दीत आहे. मशीनच्या फळीवर फोन ठेवायचा, इअरफोनची वायर खोचायची (कानात घालायला नव्हे, एरियल म्हणून) आणि स्पीकर चालू करायचा. दुपारी फर्माइशीची सिनेमातली गाणी लागतात. खरं सांगते, मी गाण्यांसाठीच ऐकते. शेळ्यांची लस, बचत गटाचं कर्ज हे मधे मधे येतं आणि बाह्या जोडता जोडता कानावर पडतं. लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचणार हे मला तिथंच कळलं. नुसती माहितीच सांगत बसले असते, तर मी केव्हाच बंद केलं असतं.

दिवाळीच्या गर्दीत फोन मशीनवरून पडून फुटला. साडेअकरा हजारांचा नवा घेतला, तर त्यात एफएमच नाही. दुकानदार म्हणतो, "काकी, रेडिओ कोण ऐकतंय आता? यूट्यूब लावा की." यूट्यूबवर गाणी आहेत हो, पण पलीकडच्या वाडीतल्या सुनेनं सासूसाठी मागितलेलं गाणं तिथं कसं लागणार? शिवाय रोजचा दीड जीबी पोरगा सकाळीच संपवतो.

फोनमधलं एफएम बंद ठेवू नका, असं केंद्र सरकारनं 2023 मध्ये मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना कळवलं होतं. आमच्या दुकानापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. शहरातल्या मोठ्या वाहिन्यांना मोटारीतले श्रोते तरी आहेत. आमच्याकडं रेडिओ म्हणजे फोनच. 2024 पासून सामुदायिक केंद्रांना तासाला 7 ऐवजी 12 मिनिटं जाहिराती घेता येतात. पण ऐकणारंच कुणी उरलं नाही, तर पिठाची गिरणीवाला पैसे कशाला देईल?

मी आठवडी बाजारातून सेलवरचा रेडिओ आणलाय. दुकानात तो चालतो. खुरपायला जाणाऱ्या बाया काही फोनबरोबर आणखी एक डबडं वागवणार नाहीत. म्हणून एवढंच म्हणणं आहे, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे खोक्यावर जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापता, तेवढ्याच अक्षरांत एफएम आहे की नाही तेही छापा.

आपली,
शिलाईकाम करणारी एक वाचक, जि. सातारा